माथेरानला कुणी कुणाला वाहून नेलं



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं यावर आमच्याकडे चार दिवस खल चालला. ह्यांना दोनच दिवसांची रजा होती. मुलांना डोंगर हवा होता. मला असं ठिकाण हवं होतं जिथे अंधार पडायच्या आत जेवण मिळेल आणि भाजीतला बटाटा बाजूला काढत बसावं लागणार नाही. शेवटी माथेरान ठरलं. कल्याणहून नेरळ लोकलने तासाभराच्या आतच येतं, म्हणजे घरापासून जवळ.

प्रश्न आत्याबाईंचा होता. आमच्या सांगलीकडच्या रीतीने मी सासूबाईंना आत्याबाईच म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. त्यांना वाटलं असेल की आपल्यामुळे बेत मोडतोय. देवपूजा आटोपून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "मी येईन. पण माणसानं ओढायच्या रिक्षात मला बसवू नका. एकदा बसले ती पुरे झालं."

लग्नाला वीस वर्षं झाली, पण आत्याबाई माथेरानला जाऊन आल्यात हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी जे सांगितलं ते पुढे येईलच. पण त्यांच्या त्या एका वाक्यामुळे मी माथेरानचा इतिहास वाचायला घेतला. एरवी आपण पॉइंट किती, हॉटेल कुठलं, चिक्की कुठे चांगली, एवढंच विचारतो. मी वाचत गेले तसा एकच प्रश्न पुढे येत राहिला. या डोंगरावर गेली पावणेदोनशे वर्षं लोक मजा करायला येतात. त्यांना आणि त्यांच्या सामानाला वर कुणी नेलं?

माथ्यावरचं रान ते माथेरान, असं नावाचं मूळ सांगतात. उंची सुमारे ८०० मीटर. खाली नेरळ जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, म्हणजे हा सगळा चढ एका दमात चढायचा. वर सपाट पठार, जांभ्याची तांबडी माती आणि जांभूळ, हिरडा, अंजनीची दाट झाडी. ठाकूर, कातकरी आणि धनगर मंडळी या डोंगराच्या अंगाखांद्यावर पूर्वीपासून राहत आली. त्यांना इथल्या वाटा पाठ होत्या. त्यामुळे पुस्तकांत १८५० साली माथेरानचा "शोध लागला" असं लिहिलेलं असतं तेव्हा मला जरा हसू येतं. सापडायला ते हरवलं कधी होतं?

तर १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी चौक गावात होता. उन्हाने हैराण होऊन तो डोंगर चढून गेला आणि वरची सावली नि वारा पाहून पुन्हा पुन्हा येऊ लागला. पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याला जागा आवडली आणि साहेब लोकांचे बंगले उभे राहू लागले. त्याच दशकात रेल्वेही या भागात आली, त्यामुळे मुंबई ते नेरळ सोपं झालं. राहिला तो चढ.

पॉइंटांची नावं बघा. लुईझा, शार्लट, अलेक्झांडर, गार्बट, पॅनोरमा, पोर्क्युपाइन. सगळी साहेबांची आणि मडमांची. ज्यांनी त्या जागा दाखवल्या, झाडी तोडून वाटा केल्या, बंगल्यांचे चिरे वाहिले, त्यांचं नाव कुठल्या पॉइंटला लागलेलं दिसत नाही. रामबाग, चौक, खंडाळा अशी थोडी आपली नावं आहेत. शार्लट तलावाच्या काठचं पिसारनाथाचं देऊळ मात्र गावाचं, गावदेवाचं. तलाव बांध घालून केलेला. या गावाने कितीतरी वर्षं त्याच तळ्याचं पाणी प्यायलं.

त्या काळी नेरळहून वर यायला तीन साधनं होती. तट्टू, पालखी किंवा डोली आणि आपले पाय. तट्टूवर साहेब. पालखीत मडमा, मुलं, आजारी माणसं. पायी चालणारे ते सगळे, ज्यांच्या डोक्यावर बाकीच्यांची पेटारी, गाद्या, भांडी, पीठ, साखर आणि दिव्याचं तेल. एका कुटुंबाने महिनाभर वर राहायचं म्हटलं की किती खेपा होत असतील, त्याचा विचार आपण बायका चटकन करू शकतो. आपल्याला चार दिवसांच्या यात्रेला निघताना सामान बांधून ठाऊक आहे.

मग माणसाने ओढायची रिक्षा आली. ही मूळची जपानची. १८७० च्या सुमारास तिकडे सुरू झाली आणि तिथून सिमल्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी पोचली. सपाट रस्त्यावर एक माणूस ती ओढू शकतो. माथेरानच्या चढउताराला एक पुढे आणि एक-दोन मागे लागतात. चढताना मागचा ढकलतो आणि उतरताना तोच मागे खेचून धरतो. पाहणाऱ्याला वाटतं उतार सोपा. प्रत्यक्षात गुडघे उतारावरच जातात, हे आपल्यापैकी ज्यांनी शिखरजीचा डोंगर चढून उतरलाय त्यांना सांगायला नको.

या कहाणीतला सगळ्यात आनंदाचा भाग म्हणजे छोटी गाडी. ती इंग्रज सरकारने बांधली नाही. मुंबईचे दाऊदी बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याचं ते काम. आदमजी गरिबीतून वर आलेले. लहानपणी रस्त्यावर काड्यापेट्या विकून त्यांनी सुरुवात केली, पुढे लष्कराला तंबू आणि बूट पुरवून मोठे झाले आणि मुंबईचे शेरीफ झाले. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ-माथेरान रेल्वेचं काम अंगावर घेतलं. १९०४ ला काम सुरू झालं आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी धावू लागली. खर्च आला सोळा लाख रुपये, तोही आदमजींच्या पदरचा.

रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. आपल्या लोकलच्या रुळांतलं अंतर साडेपाच फूट असतं, त्यावरून अंदाज करा. अंतर जेमतेम वीस किलोमीटर, पण चढ इतका की काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. एवढ्या तीव्र वळणांवर साधं इंजिन वळलंच नसतं. म्हणून जर्मनीहून खास इंजिनं मागवली होती, ज्यांचे आस वळणावर थोडे सरकायचे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत, वळसे घालत गाडी वर येते. मध्ये एक एवढासा बोगदा आहे. त्याला इंग्रजीत "एका मुक्याचा बोगदा" अशा अर्थाचं नाव आहे. आत्याबाईंना मी ते सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "तुझ्या मामंजींनी तेव्हा मला हे सांगितलं नाही हो."

या गाडीने काय केलं ते नीट लक्षात घ्यायला हवं. माणसांच्या डोक्यावरचं आणि खांद्यावरचं निम्मं ओझं तिने उचललं. शिवाय डोंगर साध्या माणसाला उघडा केला. तोवर पालखी परवडणारेच वर येत. आता तिकीट काढलं की कारकून, मास्तर, दुकानदार, त्यांच्या बायका, म्हाताऱ्या आया आणि पोरंबाळं असा सगळा कबिला वर येऊ लागला. पारशी, बोहरी, गुजराती कुटुंबांनी बंगले बांधले, आणि मराठी मध्यमवर्गाची उन्हाळ्याची सुट्टी माथेरानला होऊ लागली.

आमच्या घरातले पहिले म्हणजे आत्याबाई आणि मामंजी. साल १९६८. मामंजी रेल्वेत कारकून, पासाची सोय. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आत्याबाई सांगलीजवळच्या खेड्यातून कल्याणच्या दोन खोल्यांत आलेल्या. आयुष्यात फिरायला म्हणून त्या कुठेही गेलेल्या नव्हत्या. गेल्या होत्या त्या बाहुबलीला आणि धर्मस्थळाला, म्हणजे यात्रेला. "नुसतंच हवा खायला जायचं, दर्शन नाही काही नाही, हे मला पटेचना," असं त्या सांगतात.

सोबत शिदोरी घेतली होती. दशम्या, कडक भाकरी, शेंगांची चटणी, गुळाच्या वड्या. पाणी गाळायचं फडकंही पदराला बांधून नेलेलं. धर्मशाळेसारख्या एका जागी उतरले. बाजारात माथेरानच्या तीन वस्तू प्रसिद्ध होत्या, आजही आहेत. चामड्याची चप्पल, मध आणि चिक्की. पहिल्या दोन आपल्याला चालत नाहीत, म्हणून मामंजींनी चिक्कीच दुप्पट घेतली. पोर्क्युपाइन पॉइंटला सगळे सूर्यास्त बघायला निघाले तेव्हा हे दोघं दगडावर बसून घाईघाईने दशम्या खात होते, कारण सूर्य बुडाला की जेवण बंद. "लोक सूर्य बघत होते आणि आम्ही घास मोजत होतो," असं त्या सांगतात तेव्हा मुलं पोट धरून हसतात. आम्हीही या वेळी तेच केलं, फक्त दशम्यांऐवजी ठेपले होते.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचा पाय मुरगळला. लुईझा पॉइंटवरून समोरचा प्रबळगड बघून परत येताना तांबड्या मातीत घसरल्या. टाच टेकवेना. मामंजींनी रिक्षा ठरवली. दोन माणसं होती, एक पुढे, एक मागे. मामंजींनी घासाघीस केली आणि आठ आणे कमी करवून घेतले. पगार किती होता तेव्हा, तर आठ आणे म्हणजे मोठीच गोष्ट.

वाटेत एका चढावर पुढच्या माणसाचा पाय सरकला. तो गुडघ्यावर पडला, पण दांडा सोडला नाही. दांडा सोडला असता तर रिक्षा मागे गेली असती, म्हणून गुडघा घासत त्याने ती धरून ठेवली. रक्त आलं. आत्याबाई तशाच दुखऱ्या पायाने खाली उतरल्या. म्हणाल्या, मी आता चालते. तर तो माणूस हात जोडून म्हणाला, "बसा बाई. अर्ध्यात उतरलात तर मालक पैसे कापेल."

आत्याबाई पुन्हा बसल्या.

"उतरले तेव्हा वाटलं पाप टाळलं, आणि बसले तेव्हा वाटलं त्याच्या पोटावरचा पाय काढला," त्या मला म्हणाल्या. "पण दोन्ही वेळा भरून आलं ते आलंच. पाठशाळेत पाठ केलेलं सगळं आठवलं."

काय आठवलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणी आम्ही ते घोकून म्हणायचो आणि चौथ्यापाशी अडखळायचो, कारण शब्दच एवढा लांब. बाईंनी अर्थ सांगितला होता, बैलावर किंवा नोकरावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओझं लादायचं नाही. आमच्या गावात मळ्यातून येताना बैलगाडी भरलेली असली तर आजोबा गाडीत न बसता बाजूने चालायचे. आम्हाला तो त्यांचा तऱ्हेवाईकपणा वाटायचा. तारण्याचं आणि मारण्याचं व्रत आपण ताटापाशी फार नेमाने पाळतो. कंदमूळ नको, रात्री नको, पाणी गाळूनच. पण ओझ्याचा अतिचार ताटात दिसत नाही, म्हणून तो राहून जातो.

माथेरानचे लोक मात्र ओझ्याखाली नुसते वाकलेले नव्हते, हेही सांगायला हवं. भाई कोतवाल याच गावचे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, न्हावी समाजातल्या साध्या घरात. शिकून वकील झाले. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या सुरू केल्या, आदिवासी मुलांसाठी शाळा काढल्या. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते हुतात्मा झाले. आपण ज्या गावात घोड्यावर बसून फोटो काढतो त्या गावचा हा मुलगा. मुलांना हे सांगितल्याशिवाय माथेरान दाखवू नये असं मला वाटतं.

आता मोटारबंदीबद्दल. माथेरानला वाहन नाही म्हणून तिथली हवा स्वच्छ, झाडी टिकलेली, शेकरू अजून फांद्यांवरून उड्या मारतं. लहान पोरं रस्त्याच्या मधोमध धावतात आणि आईचा जीव वरखाली होत नाही. अशी जागा आता शोधून सापडणार नाही. ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा दोनशे चौरस किलोमीटरहून जास्त भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. चांगलंच झालं. पण मोटार नाही म्हणजे ओझंही नाही, असं होत नाही. गॅसचं सिलिंडर, सिमेंट, दूध, गादी, आजारी माणूस, शाळेत जाणारं मूल, सगळं घोड्याने, हातगाडीने किंवा डोक्यावरूनच जायचं. आपली स्वच्छ हवा कुणाच्या तरी छातीच्या भात्यावर चालत होती.

त्यात गाडीने दगा दिला. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, ती २००७ ला परत सुरू झाली. २०१६ ला डबे घसरल्यावर पुन्हा बंद. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले, ते थेट ऑक्टोबर २०२२ ला वरपर्यंत गाडी आली. पावसाळ्यात तर नेरळ ते अमन लॉज दरवर्षीच बंद असते. २०१२ पासून अमन लॉज ते माथेरान शटल धावते, तिचाच मोठा आधार. गाडी थांबली की तेवढा भार पुन्हा माणसावर आणि घोड्यावर येतो.

हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच मग आवाज उठवला. आम्हाला विजेवर चालणारी रिक्षा द्या, म्हणून त्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०२२ ला न्यायालयाने प्रयोगाला परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात पहिल्या सात ई-रिक्षा धावल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता. त्यांचंही पोट त्यावरच आहे, तेव्हा त्यांना दोष देऊन चालणार नाही. ६ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं हे माणुसकीला धरून नाही, सहा महिन्यांत हे बंद करा आणि जे रिक्षा ओढत होते त्यांनाच ई-रिक्षा द्या. मला या निकालातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ओझं काढून घेतलं आणि घासही काढून घेतला, तर एक अतिचार टाळून दुसरा केला असं होईल. अतिभारारोपणाच्या लगेच पुढे अन्नपाननिरोध आहे. आत्याबाई १९६८ ला उतरल्या आणि पुन्हा बसल्या, त्या या दोन शब्दांच्या मधल्या जागेत अडकल्या होत्या.

आम्ही गेलो तेव्हा ते सहा महिने चालू होते. नेरळहून वरची गाडी आम्हाला मिळाली नाही, म्हणून टॅक्सीने दस्तुरीला आलो. हातरिक्षावाले उभे होतेच. ई-रिक्षा मोजक्याच, रांग मोठी. पाऊण तास थांबावं लागलं. मुलं कुरकुरली, आत्याबाई बॅगेवर बसून णमोकार जपत होत्या. नंबर आला तेव्हा त्या आणि मी बसलो, हे आणि मुलं पायी निघाली.

चालवणारा चाळिशी-पंचेचाळिशीचा. गप्पा निघाल्या. म्हणाला, अठरा वर्षं हातरिक्षा ओढली. आता पाठ जरा सरळ होते, रात्री झोप लागते. आत्याबाईंनी त्याला सगळी हकिगत सांगितली. पडलेला माणूस, रक्त, उतरणं, पुन्हा बसणं. मला वाटलं तो म्हणेल, आजी, तुमचं मन मोठं. तो काही तसं बोलला नाही. वळण नीट घेतलं आणि विचारलं, "आजी, पैसे ठरल्यापेक्षा जास्त दिलेत का त्याला?"

आत्याबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नाही रे. ठरले तेवढेच दिले. त्यातले आठ आणे आधीच कमी केले होते." त्यावर तो एवढंच म्हणाला, "ते लक्षात राहतं बघा, ओढणाऱ्याच्या."

उतरताना आत्याबाईंनी बटव्यातून पैसे काढून त्याच्या हातात ठेवले. तो घेईना. भाडं ठरलेलं आहे, म्हणाला. शेवटी चिक्कीसाठी पोरांना घे म्हणून दिले तेव्हा घेतले. आठ आणे काही फिटले नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण त्या रात्री त्यांनी प्रतिक्रमण केलं तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या.

बाकी दोन दिवस फार छान गेले. सकाळी पॅनोरमाला सूर्योदय, इको पॉइंटवर पोरांनी घसा बसेपर्यंत आरोळ्या मारल्या, शार्लट तलावाच्या काठी पिसारनाथाच्या पायऱ्यांवर आत्याबाई बसून राहिल्या. धाकट्याला घोड्यावर बसायचं होतं. आधी घोडा पाहिला. पाठीवर जखम नाही, तोंडाला फेस नाही, हे बघून एकालाच बसवलं, थोडा वेळ, आणि मागितले तेवढे पैसे दिले. मोठ्याने स्वतःहून सांगितलं, मी चालतो.

घरी आल्यावर माझ्या मनात आपल्याच यात्रांचा विचार घोळतोय. शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटरची. म्हाताऱ्या बायका डोलीतून जातात, आणि जायलाच हवं, नाहीतर त्यांना दर्शन कधी घडणार? डोली वाहणाऱ्यांचं घरही त्यावर चालतं. पण वजनकाट्यावर उभं राहून दर ठरवताना आपण दहा-दहा रुपयांवरून हुज्जत घालतो, ते मी स्वतः केलंय. वर जाऊन टोंकेपुढे अक्षता वाहायच्या आणि खाली ज्याच्या खांद्यावरून आलो त्याच्याशी भाव करायचा. माथेरानला निदान न्यायालयाने सांगितलं. आपल्याला तर सूत्रकारांनी फार आधीच सांगून ठेवलंय.

म्हणून आमच्या घरापुरते दोन-चार नियम मी फ्रिजवर चिकटवलेत. ज्याला चालता येतं त्याने चालायचं. सामान एका पिशवीत मावेल एवढंच न्यायचं, जास्तीची पिशवी कुणीतरी उचलणार असते. गाडी किंवा विजेची रिक्षा असेल तर रांगेत थांबायचं. माणसाच्या किंवा जनावराच्या अंगावर भार टाकायची वेळच आली तर वाटेत त्याला विसावा घेऊ द्यायचा, पाणी विचारायचं. आणि भाव करायचा नाही.

शेवटचा नियम आत्याबाईंनी स्वतः, त्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलाय.